हरवलेल्या धन्याचा खेळ

तंबू सिनेमातले आम्ही दोघं म्हातारे उरलोय. मी चित्राला पेटी वाजवणारा, दुसरा मशीन चालवणारा ऑपरेटर. भेटलो की चहा निवतो, पण किस्से संपत नाहीत. एक काढला की त्याला धरून दुसरा येतोच.

तेव्हा चित्रं मुकी होती. पडद्याशेजारी काठी घेऊन नाना उभे राहायचे आणि चित्रात काय चाललंय ते लोकांना खानदेशीत सांगायचे. त्या साली आमच्याकडं एक रहस्यपट होता. नवरा सकाळी घराबाहेर पडतो आणि गायबच होतो. बायको गावोगाव शोधते. शेवटी विहिरीतून त्याचं प्रेत निघतं, ती कुंकू पुसते, खेळ खलास.

आमच्या अक्का तंबूबाहेर शेंगा विकायच्या. त्यांचा नवरा आमचाच, तंबू ठोकणारा. दोरखंड आणतो म्हणून जळगावच्या बाजारात गेला तो आलाच नाही, त्याला वर्षं झाली होती. भाऊ बोलवायला आले तरी अक्का माहेरी गेल्या नाहीत. "त्याले तंबूच माहीत शे. आठेच यी," म्हणायच्या आणि तंबूपाशीच त्याची वाट बघायच्या. कुंकू ठसठशीत. आत मात्र कधी यायच्या नाहीत. नानांचा आवाज बाहेर ऐकू येतो तेवढा पुरे, असं त्यांचं म्हणणं.

* * *

जळगावला ऑपरेटरनं शेवटचं रीळ मध्येच लावलं. नवरा घरातून निघालाय न निघालाय, तोच विहिरीतून प्रेत वर! तंबूत गलका. नाना शांत. म्हणाले, "घाबरू नका. त्या बाईले सपन पडी राहिनं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी रिळं नीट लावली, तर स्वप्न गाळल्याची तक्रार आली, "सपन काबरं कापं?"

* * *

सोनगीरला खेळ सुटला तरी एक आबा जागचे हलेनात. म्हणाले, "त्या पोरले आमना घर धाडा. एकली बाई कोठे कोठे फिरी?"

नाना म्हणाले, "आबा, तिना उद्या धुयामा खेळ शे."

"मंग जेवाडीसन धाडसूत."

आणि खरंच कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत आलं. त्या हिरॉइनच्या नावानं आम्ही सगळे पोटभर जेवलो. तसं भरीत पुन्हा नाही खाल्लं.

* * *

धुळ्याला एक पेन्शनर हवालदार होते. फुकट पासवर रोज पुढच्या खुर्चीत. नवरा गायब झाला रे झाला की हे मोठ्यानं जाहीर करायचे, "विहिरीत आहे! सावत्र भावानं ढकललाय!"

मालक वैतागले. "साहेब, पास बंद. उद्यापासून तिकीट काढा."

हवालदार म्हणाले, "तपास माझा पूर्ण झालाय. तिकीट कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसले.

* * *

धुळ्यातला शेवटचा खेळ. शेंगांची पाटी बाहेर ठेवून अक्का पहिल्यांदाच आत आल्या आणि बायकांच्या बाजूला अगदी पुढं बसल्या. मी पेटीवरून नानांकडं बघितलं. त्यांनीही अक्कांना पाहिलं होतं.

रीळ पुढं सरकत गेलं. विहीर आली. प्रेत वर आलं. पडद्यावरच्या बाईचा हात कपाळाकडं गेला आणि नाना थांबले. असे ते कधी थांबायचे नाहीत. माझी पेटीही थांबली.

मग घसा खाकरून नाना म्हणाले, "घाबरू नका. त्या बाईले सपन पडी राहिनं."

तंबूतल्या निम्म्या लोकांनी खेळ आधी पाहिलेला. सगळ्यांना शेवट ठाऊक. कुणी चकार शब्द काढला नाही. तेवढ्यात हवालदार खुर्चीतून उठले.

हवालदार मागं वळून म्हणाले, "बरोबर आहे. तपास अजून चालू आहे." आणि खाली बसले.

दिवे लागले, माणसं पांगली. अक्का उठल्या, बाहेर जाऊन पाटीतल्या ओंजळभर शेंगा घेऊन आल्या आणि नानांच्या हातावर ठेवल्या.

"नाना," त्या म्हणाल्या, "त्या बाईले जागी करू नका."