दगडावरचा काना

झाशी जिल्ह्यातल्या मोठ तहसिलीतल्या एका गावच्या शाळेसमोरचा तो दगड मला आजही जसाच्या तसा दिसतो. सीमेवर कामी आलेल्या गावच्या जवानाच्या आठवणीत तो बसवला होता. जवान मुसलमान. त्याचे नाव रमजान.

एके दिवशी सकाळी ठाण्यात फोन आला, दगडावरचे नाव कोणीतरी छिन्नीने काढून टाकले आहे. मी ठाण्याचा प्रभारी होतो. रोजनामच्यात नोंद केली आणि चार शिपाई घेऊन निघालो. रस्त्याच्या एका बाजूला मुसलमानांचा, दुसऱ्या बाजूला हिंदूंचा घोळका उभा होता. कोणी बोलत नव्हते. ओरडणाऱ्या गर्दीला पोलीस सांभाळून नेतो. गप्प गर्दीची मला नेहमी धास्ती वाटायची. पंचनामा केला. पलटण, तारीख, गाव, सगळे शाबूत होते. फक्त नावाची ओळ गेली होती.

दुपारी खबऱ्याने माहिती आणली. दुसऱ्या घोळक्यातला एक हिंदू तरुण पहाटे दगडापाशी दिसला होता. त्याच्या मोबाइलवरून गेलेले मुसलमानांविरुद्धचे चार विखारी संदेशही मिळाले. त्याला ठाण्यात आणले, तसे त्याच्या बाजूचे लोक बाहेर येऊन बसले. समोर दुसरी बाजूही जमली. ठिणगी पडायचीच बाकी होती.

संशयिताला मी आधी पाणी देत असे; त्यालाही दिले. मग विचारले, "दगडापाशी काय करत होतास?"

"दौड वहीं खतम होती है, साहब. पत्थर छूकर लौटता हूँ. भरती की दौड भैया ने ही सिखाई थी."

"कोण भैया?"

"रमजान भैया." त्याचे डोळे भरून आले.

मी मोबाइल पुढे सरकवला. "मग हे काय आहे?"

त्याने मान खाली घातली. "वो तो सब भेजते हैं. भैया की बात अलग थी."

हे वाक्य मी नोकरीत पुष्कळदा ऐकले आहे, दोन्हीकडून. ज्या जमातीचा राग करायचा, तिच्यातला एक माणूस प्रत्येकाने वेगळा काढून ठेवलेला असतो.

थोड्या वेळाने तो आपणहून म्हणाला, "वैसे नाम तो शुरू से गलत लिखा था. चाचा कब से कह रहे थे."

चाचा म्हणजे जवानाचे वडील. मी शाळेतून दगड बसवला त्या दिवसाचा फोटो मागवला. त्यात स्पष्ट दिसत होते: 'सिपाही रामजान'. एक काना जास्त.

पुन्हा दगडापाशी गेलो. सकाळी नजरेतून सुटलेले आता दिसले. द्वेषाने मारणारा कुठेही घाव घालतो. इथे जागा सपाट घासलेली होती, कडेच्या नक्षीला ओरखडा नव्हता आणि खालचा भुगाही झाडून नेलेला. रमजानच्या वडिलांची हयात दगड घडवण्यात गेली होती.

मी दारात पोचताच ते उठले. "आइए साहब. मैं खुद आने वाला था. भीड देखी तो हिम्मत टूट गई."

त्यांनी नाव दुरुस्त करावे, अशा चार अर्जांच्या नकला काढून दिल्या. उत्तर एकाचेही नव्हते. कचेरीतल्या एका बाबूने तेवढे हसत सांगितले होते, "अच्छा ही है चचा, राम का नाम आ गया."

"राम से मुझे क्या बैर, साहब?" म्हातारा म्हणाला. "सवेरे जो मिले, उससे राम-राम ही करता हूँ. पर मेरा बेटा फौज में अपने नाम से गया था. मरा भी उसी नाम से."

चुकीचे नाव घासून बरोबर नाव लगेच कोरायचे, असा त्यांचा बेत होता. घासून झाले, भुगा झाडून झाला. तेवढ्यात उजाडले.

"चाचा, तुमच्यामुळे एक मुलगा ठाण्यात बसलाय," मी म्हणालो आणि त्याचे नाव सांगितले.

त्यांनी पायात जोडे घातले. ठाण्यासमोर दोन्ही घोळक्यांच्या मधे उभे राहून ते म्हणाले, "मैंने किया है. लडके को छोडो." तरुण बाहेर आला, त्याने म्हाताऱ्याचा दंड धरला आणि त्यांना सावलीत नेऊन बसवले. हळूहळू लोक पांगले.

सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान झाले होते, हे खरेच. मी गावप्रधान आणि मुख्याध्यापिका यांच्याकडून दुरुस्तीला संमती असल्याचे लिहून घेतले आणि कुहेतू नसल्याचा अहवाल वर पाठवला. वरिष्ठांनी विचारले, "नियमात बसतं का?" मी म्हणालो, "बसवलंय, सर."

तिसऱ्या दिवशी वडिलांनी सगळ्यांसमोर नाव कोरले. दुपार झाली, तरी कोणी घरी गेले नाही.

आमचे घराणे मराठी, झाशीत कित्येक पिढ्यांपासूनचे. शाळेपासून निवृत्तीपर्यंत माझ्या आडनावाची हिंदीत हवी तशी मोडतोड झाली. मी हसून सोडून द्यायचो आणि त्याला माझा मोठेपणा समजायचो. त्या दुपारी उन्हात उभा असताना जाणवले, की नाव कसेही लिहिले तरी मी या देशाचा आहे का, असे मला कधी कोणी विचारले नव्हते. ज्याला सारखे विचारले जाते, त्याला आपल्या नावातली एक रेघही सोडून देणे परवडत नाही.