शून्य उंचीची लाट

समुद्र न पाहता समुद्रावर इतका हक्क सांगणारा माणूस पुण्याशिवाय कुठे जन्मला नसता. तुमच्या आजोबांचे हे मावसभाऊ, माझे भावजी, खडकवासल्याजवळच्या एका ऑफिसात बसून कोकण किनाऱ्याच्या लाटा मोजत. म्हणजे मोजत ते बोये: समुद्रात नांगरून ठेवलेले, लाटेबरोबर वरखाली होणारे पिवळे गोळे. ते दर अर्ध्या तासाला आकडा पाठवत आणि भावजी सकाळी दूध घेताना जिन्यात सगळ्यांना ऐकवत, "आज रत्नागिरीला दीड मीटर." समोरच्या बाई म्हणत, "आमच्या नळाला पाणी नाही, त्याचं सांगा."

लाटा मोजताना म्हणे सगळ्या धरत नाहीत. सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी काढतात. भावजींनी हा नियम संसारालाही लावला. मंडईत वरचे चार आंबे पाहून पेटी घेत. मुलीच्या प्रगतिपुस्तकातले मोठे तीन आकडे तेवढे वाचत. ती पुढे कॉम्प्युटर शिकून अमेरिकेला गेली, आणि वाढदिवसाला किंवा बढती मिळाली की तेवढाच फोन करी. मी कुरकुरले तर म्हणत, "वहिनी, मोठ्या लाटा कळल्या की पुरे. बारक्या कोण मोजतं?"

एका थंडीत त्यांच्या सर्वांत नव्या बोयाचा आकडा शून्य येऊ लागला. हा बोया टिकला तरच पुढचे चार मंजूर व्हायचे होते, आणि तो टिकेल असं भावजींनी लिहून दिलं होतं. साहेब म्हणाले, "समुद्र शांत असेल." भावजींचा चेहरा उतरला. "बारीक का होईना, लाट असतेच. शून्य म्हणजे तो समुद्रातच नाही." बोयानं कळवलेली जागा नकाशावर पाहिली, तर ती एका गावात निघाली. गाडी लागते म्हणून आल्याच्या वड्या घेऊन भावजी एस.टी.त बसले. वरंध घाटात त्यांचं काय झालं ते मी लिहीत नाही.

बोया एका कोळीणमावशींच्या अंगणात होता, त्यावर लुगडं वाळत घातलेलं.

"मावशी, हा सरकारी आहे."

"मग सरकारनं एकटा कशाला सोडला दर्यात? जाळ्यात आला, आणला घरी."

भावजींनी उरलेल्या आल्याच्या वड्या मावशींपुढे ठेवल्या. मावशींच्या मुलांनी बोया पुन्हा जागेवर नेऊन सोडला. पुढचे चारही मंजूर झाले. मी विचारलं, "समुद्र पाहिलात ना एकदाचा?" म्हणाले, "पाहिला. आकड्यांपेक्षा बराच ओला आहे."

कोकणातून परतल्यावर लगेचच्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा आपणहून अमेरिकेला फोन लावला. मुलगी घाबरली. "बाबा, काय झालं?"

"काही नाही. आज भाजी काय केलीस?"

भावजी जाऊन दोन पावसाळे झाले. त्यांच्या बढत्या आणि निरोपसमारंभ मला आठवत नाहीत. जिन्यातलं "आज दीड मीटर" रोज आठवतं. मुलांनो, तुम्ही परीक्षा, नोकरी, वाढदिवस सगळं वेळेवर कळवता, माझी तक्रार नाही. पण मधल्या एखाद्या रविवारीही फोन करा. सांगण्यासारखं काही नसलं, तर भाजी काय केली तेवढं सांगा.