झाकणकाका

झाकणकाका जेवताना लोणच्याची बरणी उघडत आणि झाकण डाव्या हातात धरून बसत. मग एका हाताने पोळी तोडायची कसरत. काकूंनी केव्हाच हात टेकले होते. "उघडलं त्यानं मिटवायचं," एवढंच काकांचं तत्त्वज्ञान. मूळचे कऱ्हाडचे, फौजेतून निवृत्त झालेले, आणि जयपूरला बनी पार्कातल्या आमच्या छोट्या सरकारी कचेरीत टंकलेखक.

पत्रंही तशीच. वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं की लगेच पानाच्या तळाशी 'कळावे, लोभ असावा' आणि सही. मग मधलं. मजकूर वाढला की शेवटच्या ओळी मुंग्यांएवढ्या होत.

ऐंशीच्या दशकाचा तो शेवट होता. कचेरीत संगणक एकच. पाण्याचा पंप का बिघडला हे ओळखणारा प्रोग्राम मी लिस्प नावाच्या संगणकभाषेत लिहीत असे आणि काका तो टाइप करत, कारण माझा वेग बैलगाडीचा. लिस्पमध्ये सगळं कंसात, त्या कंसाच्या पोटात आणखी कंस. एक मिटायचा राहिला की सगळं ठप्प. मी आपली बोटांवर कंस मोजत बसायची.

"मोजतेस काय, पोरी? आधी मिटव, मग भर," काका म्हणाले.

मला ते एकदम पटलं. आम्ही ज्या एडिटरमध्ये टाइप करायचो तोच मी सुधारला. उघडणारा कंस दाबला की मिटणारा आपोआप हजर, आणि कर्सर दोघांच्या मध्ये. मी स्वतःवरच खूश होते.

काकांनी तो नवा एडिटर वापरून पाहण्याआधीच दिल्लीहून मोठे साहेब पाहणीला आले. काम पसंत पडलं नाही तर संगणक दिल्लीला आणि माझी हंगामी नोकरी संपली. काका ऐटीत कळफलकावर बसले. कंस उघडला, यंत्राने मिटवला, आणि काकांनी सवयीने पुन्हा मिटवला. पाच मिनिटांत पडद्यावर मिटणाऱ्या कंसांची जत्रा भरली.

"यह क्या तमाशा है?" साहेब म्हणाले.

"काका, ते मिटवतं आपोआप," मी रडकुंडीला येऊन कुजबुजले.

"मिटवत असेल. मी मिटवलं नाही ना अजून."

मी कपाळावर हात मारला. पण काकांनीच साहेबांना आपल्या डब्यातलं लोणचं चाखवायला शेजारच्या खोलीत नेलं. आत साहेब कैरीचं लोणचं खात होते आणि काका झाकण धरून उभे होते. तेवढ्यात मी एडिटरमध्ये एक भर घातली: मिटणारा कंस आधीच पुढे असेल, तर दुसरा उमटवायचा नाही, त्याच्यावरून नुसतं पलीकडे जायचं. साहेब परतले. काकांनी आपल्या रीतीने प्रत्येक कंस स्वतः मिटवला, आणि एकही जास्तीचा उमटला नाही. संगणक राहिला, मीही राहिले.

"बघ, यंत्राला वळण लागलं," काका म्हणाले. त्या दिवशी मला ते फार आवडले.

पुढे ते कऱ्हाडला परत गेले. मुंग्यांच्या ओळींची पत्रं येत राहिली. एका पावसाळ्यात जे पाकीट आलं त्यावर काकूंचं अक्षर होतं. आत काकांचा कागद: वर 'चि. पोरीस आशीर्वाद', तळाशी 'कळावे, लोभ असावा' आणि सही. मधे काहीच नाही. काकूंनी चिठ्ठी जोडली होती, "हे गेले त्या सकाळी लिहायला बसले होते. पत्र अर्धंच राहिलं, तरी पाठवते."

मी खूप रडले. मग काकूंना उत्तर लिहायला घेतलं. आधी तळाशी सही केली आणि मग मधे लिहिलं, "काकू, अर्धं कुठलं? काकांनी ते मिटवूनच ठेवलं होतं."