सिदूआबांची भाकणूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोला तर मुळीच नाही.

आमच्या माणदेशात धनगरांत भाकणूक होते. तिला पत्रिका लागत नाही, पोथी लागत नाही. दसऱ्याच्या जत्रेत बिरोबा अंगात आला की माणूस पाऊसपाण्याविषयी, मेंढरांविषयी चार शब्द बोलतो – ती भाकणूक. बोल देवाचे, म्हणून त्यावर वाद नाही. आमच्या देवळात ती सिदूआबांच्या तोंडून व्हायची. ढोलांच्या आवाजात म्हाताऱ्याचं बोलणं लांब जात नसे, म्हणून शेजारी उभं राहून ते मोठ्यानं सांगायचं काम माझ्याकडे होतं. माझा आवाज दांडगा – लायकी एवढीच.

बहात्तर साली पाऊस झालाच नव्हता. सगळ्यांचा जीव परतीच्या पावसावर टांगलेला. आबा थरथरत बोलले, पाणी न्हाई, मेंढरं वर पावसाच्या मुलखात, मेढ्याकडं हलवा. मी स्पष्ट ऐकलं. पण – तुळशीच्या लग्नानंतर माझं लग्न ठरलं होतं. सासरा मेंढरं घेऊन निघाला असता तर मुलगीही गेली असती, लग्न वर्षभर लांबलं असतं. मला घाई होती. दुसरं काय सांगू? मी ओरडलो – पाऊस येतोय, जागा सोडू नका.

लोक थांबले. पाऊस आला नाही. लग्न ठरल्या दिवशी झालं. सासऱ्याचा सगळा कळप चाऱ्यावाचून मेला, आणि तो दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला. त्याच्या शेजारी माझी नवी नवरीही खडी फोडत होती.

भाकणूक खोटी ठरली, असं लोक आबांच्या तोंडावर म्हणू लागले. अंगातलं वारं उतरलं की आपण काय बोललो, हे आबांना कधीच आठवत नसे. दरवर्षी ते मलाच विचारायचे. त्या हिवाळ्यात ते मुद्दाम माझ्या घरी आले.

“पाऊस येतोय, असंच बोललो व्हतो का रं मी?”

“व्हय, आबा.”

ते जायला उठले. मग म्हणाले, “मंजी देवच माज्याशी खोटं बोलला.”

पुढच्या दसऱ्याला ढोल वाजले तेव्हा ते गर्दीत मागं उभे होते. त्यानंतर मरेपर्यंत ते देवापुढं आले नाहीत. त्यांच्या तिरडीला खांदा द्यायला मी पुढं होतो. तेव्हाही गप्पच होतो.