बिनबाह्यांचा ब्लाउज

माझ्या मोठ्या जाऊबाई डॉक्टर आहेत, हे आधीच सांगून ठेवते. अडाणी बाई असती तर मी तिला केव्हाच माफ केलं असतं.

इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आमची घरं एका राउंडअबाउटच्या अंतरावर. त्या आणि भाऊजी दोघंही हॉस्पिटलात, त्यामुळे त्यांची मुलगी माझ्याच हाताखाली वाढली. तिला तेल लावणं, न्हाऊ घालणं, वेण्या घालणं, सगळं मी केलं. मग माझ्या बोटांवर कोडाचे पांढरे डाग आले, कोपरापर्यंत चढले, पाठीवर पसरले. कोड कुणाला लागत नाही, हे मला जाऊबाईंनीच समजावून सांगितलं. आणि पुढच्याच संक्रांतीला हळदीकुंकवाची कोयरी माझ्या हातून काढून घेतली.

"तू फोटो काढ ना, तू छान काढतेस. आणि फुल स्लीव्हज घाल हं, लोक उगाच विचारत बसतात."

तेव्हापासून प्रत्येक समारंभात मी कॅमेऱ्यामागे. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

एका उन्हाळ्यात शेजारच्या साठीतल्या इंग्लिश बाईने कुंपणावरून विचारलं, "एवढ्या उकाड्यात कार्डिगन कशाला?" मी बाही वर करून दाखवली. ती म्हणाली, "रविवारी माझ्याबरोबर चल. पण तिथे कुणी कपडे घालत नाही हं." जाऊबाईंना कळलं तर त्यांच्या नाकाला कशा मिरच्या झोंबतील, या एकाच विचाराने मी हो म्हटलं.

शेतांच्या पलीकडे, उंच झाडांआड एक कुरण होतं, लाकडी खोपटं होतं आणि चहाची किटली. आपापल्या टॉवेलवर बसायचं, नियम तेवढा एकच. छातीवर बायपासचा व्रण असलेले एक आजोबा सगळ्यांना चहा देत होते. लोंबत्या पोटाच्या दोन बायका बॅडमिंटन खेळत होत्या आणि शटल हुकलं की खिदळत होत्या. मी तासभर कार्डिगन आवळून बसले, मग एकेक करून सगळं उतरवलं. कुणी मान वर केली नाही. आजोबांनी साखर किती ते विचारलं. एका बाईने एवढंच सांगितलं, की डागांवर सनक्रीम जाड लाव, तिथे लवकर भाजतं.

अशा जागी माणसाला शांती मिळते म्हणे. मला भयंकर राग आला. जे या परक्यांनी एका दुपारी सहज दिलं, ते माझ्या घरात मला कुणी दिलं नव्हतं! जनाची नाही तर मनाची तरी ठेवायची. मी उन्हाळाभर दर रविवारी तिथे गेले, पाठीला ऊन दिलं आणि राग चांगला मुरवला.

पुढच्या जुलैत पुतणीचं लग्न ठरलं. हळद जाऊबाईंच्या बागेत. "फोटो तूच काढ हं," त्यांचा फोन आला. बरं म्हटलं, आणि नव्या ब्लाउजच्या बाह्या कात्रीने कापून टाकल्या.

मला बघताच त्या पुढे आल्या. "अगं, शाल आणू का? गार वारा आहे." जुलैत!

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "वहिनी, आज फोटो तुम्ही काढा."

महाराष्ट्र मंडळातल्या बायकांच्या माना वळल्या. पाटावर बसलेल्या पोरीच्या पावलांना मी हळद लावली, मग गुडघ्यांना, खांद्यांना, गालांना. ती डोळे मिटून म्हणाली, "काकू, अजून लाव." उरलेली हळद एकमेकींना फासायची असते. मी दोन्ही तळवे भरून घेतले आणि सगळ्यांसमोर जाऊबाईंच्या गालांवरून सावकाश फिरवले, कानापासून हनुवटीपर्यंत. त्या हसल्या. लेकीची हळद चारचौघींत पुसायची सोय नव्हती.

थोड्या वेळाने पुतणीला तहान लागली, म्हणून तिला घेऊन मी घरात गेले. जाऊबाई किचनमध्ये सिंकवर वाकून भांड्यांच्या साबणाने गाल घासत होत्या. लालभडक होईपर्यंत.

"मम्मी," पोरगी दारातूनच म्हणाली, "इट इजन्ट कंटेजस. पेशंट्सना तूच सांगतेस ना?"

जाऊबाईंनी तोंड वर केलं. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी लेकीकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलून सावरून घेईन, असं त्यांना वाटलं असावं. इतकी वर्षं मीच सावरत आले होते.

मी तिथेच उभी राहिले आणि त्यांचा तो चेहरा मन भरेपर्यंत बघून घेतला.