डॉलर उतरेल, थांबा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि तो तर तेव्हा शेजारच्याच खोलीत पेपर वाचत होता.

मी अकोल्याला, जठारपेठेत राहते. कॉलेजात कॉमर्स शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून बाजार उघडायच्या आत टीव्ही लावून बसते. निर्देशांक, कंपन्यांचे तिमाही निकाल, डॉलरचा भाव — सगळं बघते. शेअर थोडेच घेते, बोलते मात्र भरपूर. गल्लीत कुणाला कुठे पैसे गुंतवायचे असले की आधी माझ्याकडे येतात. मला ते आवडतं. फारच आवडतं.

वानखडे भाऊ मागच्या गल्लीतले, पाटबंधारे खात्यात कारकून. त्यांची प्रज्ञा इंजिनिअरिंगला माझ्या निखिलच्याच वर्गात. दोघांनी पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेत अर्ज केले. तिला प्रवेश मिळाला. निखिलला कुठूनच होकार आला नाही. तो अमरावतीला एका छोट्या कंपनीत लागला आणि घरी फोन करेनासा झाला.

तिच्या प्रवेशाचा पेढा मी खाल्ला, प्रज्ञाच्या पाठीवर हात ठेवला. आणि मनात? 'त्यांच्या मुलीला मिळतं, अन् आमच्या मुलाला नाही?' — त्या 'त्यांच्या'मध्ये मी काय काय भरलं होतं! भाऊ दारात येऊन 'जय भीम, मॅडम' म्हणायचे आणि मी दर वेळी 'नमस्कार' म्हणायचे. एवढ्यावरून कळेल तुम्हाला.

एका संध्याकाळी भाऊ आले. "मॅडम, पोरीची फी डॉलरमधी भरा लागते. पैसे जमवले हायेत. आता भरू का थोडं थांबू? तुमाले त्यातलं समजते."

त्याच सकाळी मी ऐकलं होतं — तेल महागतंय, परदेशी गुंतवणूकदार पैसे काढून घेताहेत, रुपया आणखी पडणार, म्हणजे डॉलर महागणार. माझाही अंदाज तोच होता. मी म्हटलं, "थांबा. डॉलर उतरेल."

तोंडून निसटलं असं म्हणू का? नाही म्हणता येत. कारण ते पुन्हा आले. रुपया रोज थोडा थोडा घसरत होता. खुर्चीच्या कडेला बसून म्हणाले, "आजबी पडला, मॅडम. भरून टाकू का?" तेव्हा तरी — तेव्हा तरी 'भरा' म्हणता आलं असतं ना? मी आत जाऊन चहा टाकला. चहा उकळेपर्यंत विचार करायला वेळ होता, आणि मी विचार केला. बाहेर येऊन म्हटलं, "घाई कशाला? शेवटच्या तारखेपर्यंत थांबा."

शेवटी जमवलेले पैसे कमी पडले. भाऊ परतवाड्याला मेव्हण्याकडे धावले, उरलेले घेऊन आले. पण बँकेतून रक्कम तिकडे पोचेपर्यंत मुदत टळून गेली होती. विद्यापीठानं जागा दुसऱ्याला दिली. प्रज्ञाने पुन्हा अर्ज केलाच नाही. आता ती अचलपूरला एका कॉलेजात तात्पुरत्या जागेवर शिकवते. सुट्टीत घरी आली आणि वाटेत भेटली की थांबते, माझ्या गुडघ्यांची चौकशी करते.

जागा गेल्याचं कळलं त्या दिवशी भाऊ माझ्याकडे आले. मला वाटलं, आता विचारतील. काहून थांबवलं, म्हणतील. पण ते उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, तुमी मनाले लावून घेऊ नका. बाजाराचं कोनाले समजते?"

मी मान हलवली. "खरं आहे," म्हटलं. ज्याचं नुकसान केलं तो माझी समजूत घालत होता, आणि मी ती घालून घेतली.

ते गेले. मला रडू आलं नाही. जेवण गेलं, झोपही लागली. खरं सांगते — त्या दिवशी मला बरं वाटलं होतं.