रजेच्या रेघा

मार्करचं टोपण उघडल्यावर येणारा तो उग्र वास आला, की मला जयपूरचं गोपालपुऱ्यातलं आमचं ऑफिस आठवतं. आमच्या कामाचे अंदाज दर वेळी चुकायचे, म्हणून टीम लीडनं प्रत्येकाची रजा धरून नवं वेळापत्रक बोर्डवर आखलं होतं. माझ्या नावापुढे बाळंतपणाचे महिने तिरप्या निळ्या रेघांनी भरलेले होते. बाळ पोटातच गेल्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा कामावर आले होते, आणि तिथे कुणालाच काही माहीत नव्हतं. "मॅडम, आपकी छुट्टी यही रहेगी ना?" त्यानं विचारलं. "नाही," मी मराठीतच बोलून गेले आणि मग म्हणाले, "छुट्टी नहीं चाहिए. मैं आऊँगी." त्यानं त्या रेघा तळहातानंच पुसल्या. मागून कुणीतरी खुशीत म्हणालं, "फिर तो दीवाली से पहले हो जाएगा!" सगळे हसले, मीही हसले. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. काम खरोखरच दिवाळीआधी संपलं. इतका अचूक अंदाज पुन्हा कधी जमला नाही, असं ती मंडळी अजूनही भेटली की म्हणतात, आणि मी मान डोलावते.